पुत्राकडून पराजय

सर्वत्र जयाची इच्छा धरावी, पण पुत्राकडून आणि शिष्याकडून मात्र पराजयच इच्छावा, अशा अर्थाचें एक जुनें वचन आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. तें इतकें परिचयाचें झालें आहे कीं त्यांत सांगितलेली गोष्ट किती अवघड आहे इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मुलगा आपल्याहून मोठा व्हावा असें वाटणें सोपें आहे. तो तसा होऊं शकेल अशी जगाची मांडणी करून ठेवणें, आणि त्यासाठीं प्रसंगीं स्वतःच्या वांट्यांतलें कांहीं सोडणें, ही गोष्ट निराळी. पहिली वत्सलता होय, दुसरी नीति होय. घराच्या चार भिंतींत या दोहोंतील अंतर फारसें जाणवत नाहीं, कारण बाप जें सोडतो तें त्याच्याच मुलाच्या पदरीं पडतें. परंतु एका सबंध पिढीनें दुसऱ्या सबंध पिढीसाठीं कांहीं सोडावयाचें असतें तेव्हां तें कोणाच्या मुलाच्या पदरीं पडेल हें सांगतां येत नाहीं, आणि मग त्या वचनाची खरी परीक्षा होते.

ही परीक्षा आंकड्यांनिशीं पाहावयाची तर अमेरिकेइतकें योग्य स्थळ क्वचितच सांपडेल. मुलानें बापाच्या पुढें जावें ही त्या देशांत घरगुती इच्छेपुरती गोष्ट नव्हती. ती जवळजवळ राष्ट्रीय श्रद्धा होती. 'अमेरिकन ड्रीम' हा आतां जगभर पसरलेला शब्दप्रयोग जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकारानें १९३१ सालीं, महामंदीच्या ऐन काळोखांत, रूढ केला. मोटारी आणि मोठे पगार एवढाच या स्वप्नाचा अर्थ नाहीं. जन्मानें घातलेल्या अडथळ्यांवांचून प्रत्येकाला आपल्या कुवतीप्रमाणें वाढतां यावें हा त्याचा अर्थ आहे, असें ॲडम्सनें त्याच वेळीं स्पष्ट केलें होतें. तरीहि लोकांनीं तें स्वप्न मोजलें तें मिळकतीनेंच, आणि यांत त्यांचें फारसें चुकलें असें म्हणवत नाहीं. तिशींतल्या माणसाला वाढतां येतें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें मिळकतीइतकें उघड माप दुसरें कोणतें आहे?

राज चेट्टी या मूळच्या भारतीय अर्थशास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें माप लावून पाहिलें. २०१७ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत आलेल्या त्यांच्या निबंधांतला प्रश्न साधा होता: तिसाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या घराचें उत्पन्न, भाववाढ वजा जातां, त्याच्या आईबापांच्या त्या वयांतील उत्पन्नाहून अधिक होतें काय? १९४० सालीं जन्मलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ९० जणांच्या बाबतींत उत्तर 'होय' असें आलें. १९८० च्या दशकांत जन्मलेल्यांत तेंच प्रमाण शेंकडा ५० वर उतरलें. जी गोष्ट आजोबांच्या पिढींत बहुतेक गृहीतच धरलेली असे ती नातवांच्या पिढींत नाणेंफेकीसारखी झाली. राष्ट्र गरीब झालें म्हणून असें झालें काय? याच संशोधकांनीं दोन कल्पित हिशेब करून पाहिले. उत्पन्नाची वाढ पूर्वीच्या वेगानें झाली असती, पण वांटणी आजचीच राहिली असती, तर तें प्रमाण ५० वरून ६२ पर्यंतच जातें. उलट वाढ आजच्याच मंद गतीनें झाली असती, पण वांटणी पूर्वीसारखी असती, तर तें ८० पर्यंत चढतें. मंदावलेल्या वाढीचा दोष आहेच; परंतु मोठा दोष वांटणीचा आहे.

मजुरीचा इतिहास याला दुजोरा देतो. देखरेखीच्या जागेवर नसलेल्या सामान्य कामगाराची सरासरी मजुरी १९७३ च्या जानेवारींत तासाला ४ डॉलर ३ सेंट होती. आंकडा लहान दिसतो. पण तेवढ्या पैशांत तेव्हां जें विकत घेतां येत होतें तें पंचेचाळीस वर्षांनंतर, २०१८ सालच्या सरासरी मजुरींतहि येत नव्हतें. या हिशेबावर अर्थशास्त्रज्ञ दोन आक्षेप घेतात. कामगाराच्या विम्यासाठीं मालक जें भरतो तें यांत धरलेलें नाहीं. आणि भाववाढ मोजण्याची पद्धति बदलली तर चित्र बरेंच सौम्य होतें. दोन्ही आक्षेप खरे आहेत. परंतु पद्धति कोणतीहि घेतली तरी १९७३ नंतर चढण मंदावली ही गोष्ट राहतेच, आणि तिचा घाव सर्वांवर सारखा पडला नाहीं. नोकरींत मुरलेल्या पन्नाशीच्या माणसापेक्षां नुकताच शाळेबाहेर पडलेला, महाविद्यालयांत न गेलेला तरुण तींत अधिक सांपडला. अशा तरुण पुरुषाची खरी मजुरी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घसरतच गेली. कायद्यानें ठरविलेली देशव्यापी किमान मजुरी १९६८ सालीं तासाला १ डॉलर ६० सेंट होती. २०२४ च्या किमतींत ती १४ डॉलरांच्या वर जाते. २००९ च्या जुलैंत ती ७ डॉलर २५ सेंट ठरली, आणि पुढें पंधरा वर्षें लोटलीं तरी तेथेंच राहिली. अनेक राज्यांनीं आपापल्या हद्दींत ती बरीच वाढविली आहे हें खरें. पण वीस वर्षांखालील नव्या नोकराला पहिले नव्वद दिवस ४ डॉलर २५ सेंटच द्यावे अशी मुभा १९९६ च्या दुरुस्तीनें मालकांस दिली, हेंहि तितकेंच खरें आहे.

येथें मजुरी म्हणजे काय या मूळ प्रश्नाकडे वळलें पाहिजे. गव्हाला जशी किंमत असते तशी श्रमालाहि असते आणि तीच मजुरी, असें एक उत्तर आहे. बाजारांत गहूं मुबलक झाला तर त्याचा भाव पडतो. तरुण मुबलक झाले तर त्यांचाहि पडेल. यांत नीतीचा संबंध काय, असें या पक्षाचें म्हणणें. दुसरें उत्तर असें कीं, मजुरी हा माणसाला आपला संसार उभा करतां यावा म्हणून एकत्र श्रमाच्या फळांतून मिळणारा वांटा आहे. गंमत अशी कीं हें दुसरें उत्तर अमेरिकेंत प्रथम गाजलें तें एका कारखानदाराच्या तोंडून. १९१४ च्या जानेवारींत हेन्री फोर्डनें आठ तासांच्या दिवसाला पांच डॉलर देण्याचें जाहीर केलें. त्यापूर्वीं नऊ तासांना सुमारें २ डॉलर ३४ सेंट मिळत. उदारपणा हें याचें मुख्य कारण नव्हतें. आदल्या वर्षीं कामगार इतक्या झपाट्यानें काम सोडून जात होते कीं एक जागा वर्षभर भरलेली ठेवण्यासाठीं तीन-चार माणसें नेमावीं लागत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्या योजनेंतली अट लक्षांत घेण्यासारखी आहे. बावीस वर्षांखालील तरुणाला हे पांच डॉलर मिळत नसत. विधवा आई किंवा धाकटीं भावंडें त्याच्या आधारावर असलीं तरच मिळत. कंपनीचे तपासनीस कामगारांच्या घरीं जाऊन त्यांची राहणी पाहत. यांतला जाच उघड आहे आणि आज तो कोणी सोसणार नाहीं. तथापि त्या जाचाच्या मुळाशीं एक कबुली होती: पूर्ण मजुरी ही गृहस्थाची मजुरी होय, आणि तरुण कामगार हा होऊं घातलेला गृहस्थ होय.

पुढील तीस-पस्तीस वर्षांत ही कबुली एका मालकाच्या मर्जींतून निघून कायद्यांत आणि करारांत आली. १९३५ च्या कायद्यानें कामगारांना संघटित होऊन सौदा करण्याचा हक्क दिला. १९३८ च्या कायद्यानें किमान मजुरी तासाला २५ सेंट ठरविली. १९४४ च्या कायद्यानें युद्धावरून परतलेल्या तरुणांस शिक्षणाचा खर्च आणि घरकर्जाची हमी दिली, व सुमारें ७८ लक्ष सैनिकांनीं त्याखालीं शिक्षण घेतलें. १९५० सालीं जनरल मोटर्स आणि मोटार-कामगारांचा संघ यांच्यांत पांच वर्षांचा करार झाला. त्याला 'डेट्रॉइटचा तह' असें नांव पडलें. भाव वाढतील तशी मजुरी वाढावी, उत्पादन सुधारतें म्हणून दर वर्षीं तींत आणखी ठराविक भर पडावी, आणि म्हातारपणीं पेन्शन मिळावें, असें त्यांत ठरलें. या तहाच्या छायेंत वाढलेला मुलगा शाळा सुटतांच कारखान्यांत शिरे आणि पंचविशीच्या सुमारास स्वतःचें घर करी. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्यें १९४९ सालीं सुमारें आठशें चौरस फुटांचें नवें घर ७,९९० डॉलरांस मिळत होतें.

या काळाला सुवर्णयुग म्हणण्याची चाल पडली आहे. पण त्या सोन्याचा कस लावून पाहिला पाहिजे. गोऱ्यांखेरीज इतरांनीं तेथें राहूं नये असें कलम लेव्हिटटाउनच्या आरंभींच्या करारपत्रांत होतें. १९३८ च्या किमान मजुरीच्या कायद्यांतून शेतमजूर व घरकाम करणारे वगळले होते, आणि दक्षिणेकडील काळे कामगार मुख्यतः त्याच कामांत होते. समान कामाला स्त्रीपुरुषांस समान मजुरी देण्याचा देशव्यापी कायदा १९६३ पर्यंत नव्हता. तेव्हां आजच्या अमेरिकन तरुणांनीं त्या काळाकडे परत जावें असें कोणीहि विचारी माणूस म्हणणार नाहीं. तो तह सर्वांपर्यंत पोंचवावयाचा होता. त्याऐवजीं तो ज्यांच्यापर्यंत पोंचला होता त्यांच्याहि हातून सुटत गेला. याचीं कारणें अनेक आहेत. परदेशी माल आला, यंत्रें आलीं, जुने कारखाने बंद पडले. ओहायोंतील यंग्जटाउन या पोलादाच्या गांवीं १९ सप्टेंबर १९७७ रोजीं एका मोठ्या कारखान्याचें दार लागलें आणि सुमारें पांच हजार माणसांचें काम गेलें. त्या सोमवाराला तेथें अजून 'काळा सोमवार' म्हणतात. १९५० च्या दशकांत दर तीन नोकरदारांत सुमारें एक कामगार-संघाचा सभासद होता. २०२४ सालीं दहांत एकहि भरत नव्हता. ज्यांना सौदा करतां येत होता त्यांचें बळ ओसरलें, आणि मजुरी हळूहळू पुन्हा गव्हाच्या रांगेंत जाऊन बसली.

यावर एक आक्षेप घेण्यांत येतो आणि तो हलका नाहीं. आजच्या तरुणाची खरोखर दैना आहे काय? १९४० सालीं अमेरिकेंतील जवळजवळ निम्म्या घरांत नळाचें पाणी, स्नानगृह आणि शौचकूप यांची पुरी सोय नव्हती. आज ती नसलेलें घर शोधावें लागतें. कपडे, अन्न, घरांतलीं यंत्रें हीं मिळकतीच्या मानानें स्वस्त झालीं. खिशांतल्या दूरध्वनियंत्रांत जें मावतें तें १९५० च्या कोट्यधीशालाहि विकत मिळालें नसतें. एका ठराविक वयाला मोजलें तर प्रत्येक नव्या पिढीचें मध्यम उत्पन्न मागल्या पिढीहून थोडें वरच आहे, फक्त वाढीचा वेग उतरला आहे, असेंहि कांहीं अर्थशास्त्रज्ञ दाखवितात. शिवाय २०२१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, माणसें मिळेनाशीं झालीं तेव्हां, कमी पगाराच्या तरुण कामगारांची मजुरी वरच्या लोकांपेक्षां अधिक वेगानें वाढली. मग रडगाणें कशाला?

याचें उत्तर ॲडॅम स्मिथनें १७७६ सालींच देऊन ठेविलें आहे. जगण्याला अवश्य वस्तु कोणती, हें ठरवितांना त्यानें तागाच्या सदऱ्याचें उदाहरण घेतलें. ग्रीक-रोमन लोकांचें तागाच्या कापडावांचून कांहीं अडत नव्हतें; पण स्मिथच्या काळच्या यूरोपांत तसा सदरा अंगावर नसेल तर प्रतिष्ठित मजुराला चारचौघांत जाण्याची लाज वाटे. म्हणून तो सदरा चैन नसून गरज झाला होता. गरज म्हणजे केवळ जीव धरून राहण्यास लागणारी वस्तु नव्हे. आपल्या समाजांत पुरा माणूस म्हणून उभें राहण्यास लागणारी वस्तु होय. आजच्या अमेरिकेंत हा सदरा कोणता? दूरदर्शनयंत्र नव्हे, तें स्वस्त आहे. घर, शिक्षण आणि औषधपाणी हा तो सदरा आहे, आणि नेमक्या याच तीन वस्तु मजुरीला मागें टाकून पुढें गेल्या. सरकारी महाविद्यालयांची फी, भाववाढ वजा जातां, १९९३ ते २०२३ या तीस वर्षांत सुमारें दुप्पट झाली. २०१० च्या कायद्यानें मुलाला सव्विसाव्या वर्षापर्यंत आईबापांच्या आरोग्यविम्यांत राहण्याची सवलत दिली. ती उपकारक आहे यांत शंका नाहीं. पण सव्विशींतल्या माणसाला ती लागावी, ही गोष्टच पुष्कळ बोलते. २०२० च्या जुलैंत, महामारीच्या दिवसांत, १८ ते २९ वयाच्या तरुणांपैकीं निम्म्याहून अधिक आईबापांकडे राहत होते. आपल्याकडे यांत कोणालाच कांहीं वाटणार नाहीं. पण ज्या समाजांत वेगळें घर मांडणें हीच वयांत आल्याची खूण आहे तेथें तें न मांडतां येणें म्हणजे सदऱ्यावांचून बाहेर पडणें होय. आश्रमांच्या भाषेंत बोलावयाचें तर ब्रह्मचर्याश्रम संपला आणि गृहस्थाश्रमाचें दार उघडेना, अशा उंबरठ्यावर तेथील पुष्कळसा तरुण वर्ग उभा आहे.

शिक्षणाची गोष्ट थोडी विस्तारानें पाहण्यासारखी आहे. न्यूयॉर्क शहराचें महाविद्यालय १८४७ सालीं विनामूल्य म्हणून स्थापन झालें, आणि शहराची तिजोरी रिकामी पडून १९७६ सालीं फी बसेपर्यंत गरीब घरांतील, विशेषतः नव्यानें आलेल्या परदेशी कुटुंबांतील मुलांच्या पिढ्या तेथें शिकल्या. आज अमेरिकन विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील कर्ज १ लक्ष ६० हजार कोटी डॉलरांच्या वर आहे. त्यांतली विशेष गोष्ट अशी कीं, जुगारांत किंवा व्यापारांत बुडालेल्या माणसाला दिवाळें काढून मोकळें होतां येतें. विद्यार्थ्याला तें जवळजवळ येत नाहीं. १९७६ पासून कायदा या बाबतींत क्रमाक्रमानें कडक होत गेला. १९९८ सालीं सरकारी कर्जावरील मुदतीची सूट गेली, आणि २००५ सालीं खाजगी कर्जांनाहि तोच नियम बहुतांशीं लागला. असाधारण हाल सिद्ध केल्याशिवाय सुटका नाहीं.

आपल्या परंपरेंत माणूस तीन ऋणें घेऊन जन्मतो असें मानिलें आहे. त्यांतलें ऋषिऋण हें विद्येचें ऋण. तें अध्ययनानें आणि विद्या पुढें दिल्यानें फिटतें. पितृऋण बापाला परत देऊन फिटत नाहीं. तें संतति वाढवून फिटतें. या दोन्ही ऋणांचा ओघ पुढच्या दिशेनें आहे. ज्याच्याकडून घेतलें त्याला तें परत करावयाचें नसून जो अजून आला नाहीं त्याला द्यावयाचें असतें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं शिष्यवृत्ति देऊन १९१३ सालीं भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें. त्या विद्येचें ऋण त्यांनीं कसें फेडलें हें महाराष्ट्राला ठाऊक आहे: १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ सालीं मुंबईचें सिद्धार्थ महाविद्यालय. अमेरिकेंत उलट असें घडलें कीं ज्या पिढीला सार्वजनिक पैशानें विद्या मिळाली तिनें पुढच्या पिढीला ती व्याजानें दिली. ऋण तेंच राहिलें, पण त्याची दिशा फिरली.

अमेरिकेच्या संस्थापकांना हा प्रश्न अपरिचित होता असें नाहीं. ६ सप्टेंबर १७८९ रोजीं पॅरिसहून जेम्स मॅडिसनला लिहिलेल्या पत्रांत थॉमस जेफर्सननें असा सिद्धांत मांडला कीं, पृथ्वी जिवंत माणसांच्या उपभोगासाठीं आहे आणि एका पिढीला आपलें कर्ज दुसऱ्या पिढीवर लादण्याचा अधिकार नाहीं. मृत्युसंख्येच्या कोष्टकांवरून त्यानें पिढीची मुदतहि काढली: एकोणीस वर्षें. मॅडिसनचें उत्तर अधिक पोक्त होतें. मृतांनीं केलेल्या सुधारणांचा लाभ जिवंतांस मिळतो, तेव्हां त्यांपायीं झालेल्या कर्जाचा भार त्यांनीं उचलणें न्याय्य आहे. स्वातंत्र्ययुद्धाचें कर्ज तसेंच होतें. मला या वादांत मॅडिसनचा पक्ष सबळ वाटतो, कारण तो कर्जाला नव्हे तर फुकट्या कर्जाला दोष देतो. मागल्यांनीं पूल बांधून कर्ज ठेविलें तर तें वारसा होय. पूल मोडून खाल्ला आणि कर्ज ठेविलें तर ती लूट होय. जेफर्सन स्वतः १८२६ सालीं वारला तो कर्जांत बुडालेला. पुढच्याच वर्षीं तें फेडण्यासाठीं त्याच्या मळ्यावरील शंभराहून अधिक गुलाम लिलावांत विकले गेले. एका पिढीचें देणें कोण फेडतो या प्रश्नाला इतकें भयंकर उत्तर दुसरें नसेल. ज्यांनीं त्या वैभवाचा उपभोग कधीं घेतला नव्हता त्यांनाच तें देणें आपल्या देहानिशीं भरावें लागलें.

आतां पुन्हा मोटारींच्या कारखान्याकडे वळूं. २००७ सालीं डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कंपन्या अडचणींत होत्या, आणि संघानें त्यांच्याशीं जे करार केले त्यांत एक नवें कलम आलें. नोकरींत असलेल्यांची मजुरी, तासाला सुमारें २८ डॉलर, कायम राहावी; यापुढें ठराविक कामांवर नव्यानें घेतलेल्यांना सुमारें १४ डॉलर द्यावे, आणि जुन्यांचें ठराविक पेन्शन त्यांना नसावें. वर्षें लोटलीं तसे एकाच सरकत्या पट्ट्याशीं, एकच मोटार जुळवीत, अगदीं वेगळ्या मजुरीचे दोन कामगार शेजारीं शेजारीं उभे राहूं लागले. त्यांतला एक बाप आणि दुसरा मुलगा असणेंहि अशक्य नव्हतें. या करारांवर मतें दिलीं तीं जुन्या कामगारांनीं. ज्यांच्या माथीं अर्धी मजुरी आली ते त्या वेळीं सभासद नव्हते. त्यांतले कित्येक शाळेंत होते.

त्या जुन्या कामगारांना स्वार्थी म्हणणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. कंपनी बुडाली असती तर सर्वांचेंच काम गेलें असतें. आणि २००९ सालीं तिघींपैकीं दोघींनीं दिवाळें काढलेंच. त्यांच्या अंगावर घराचीं कर्जें होतीं, निवृत्ति जवळ आली होती, आणि कंपनीनें दिलेलीं वचनें पाळलीं जावीं असें त्यांना वाटलें तर त्यांत अधर्म नव्हता. चौदा डॉलरांचें काम कोणावर सक्तीनें लादलें नव्हतें, हेंहि खरें. परंतु तोटा झाला म्हणजे तो वांटून घेणें आणि तो गैरहजर असलेल्यावर ढकलणें यांत नीतीच्या दृष्टीनें फार अंतर आहे. दुष्काळांत घरचीं सगळींच माणसें अर्धपोटीं राहतात. थोरांचीं पानें पूर्वीसारखींच वाढून उरेल तें मुलांपुढें ठेवणाऱ्या घराला आपण घर म्हणत नाहीं. आणि हा दोष केवळ कामगारांचा कसा म्हणावा? कंपनीला ती वांटणी सोयीची होती, गिऱ्हाइकाला स्वस्त मोटार हवी होती, भागधारकाला नफा हवा होता. टेबलाभोंवतीं बसलेल्या प्रत्येकानें आपला घांस राखला, आणि जो टेबलाशीं नव्हता त्याच्याकडून भरपाई करून घेतली. पिढ्यांमधील अन्याय बहुधा असाच घडतो. त्याला दुष्टपणा लागत नाहीं. दुसऱ्या पक्षाची गैरहजेरी तेवढी पुरते.

या कथेचा पुढचा भाग मात्र आशा देणारा आहे. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं याच संघानें तिन्ही कंपन्यांविरुद्ध एकाच वेळीं संप पुकारला. असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें. मजुरीवाढीबरोबर त्यांची एक मोठी मागणी ही दुहेरी श्रेणी काढून टाकावी अशी होती. संप सुमारें सहा आठवडे चालला. अखेरच्या करारांत एप्रिल २०२८ पर्यंत शेंकडा २५ ची सरसकट वाढ ठरली. पूर्ण मजुरीस पोंचण्यास नव्या माणसाला आठ वर्षें लागत तेथें तीन वर्षें ठरलीं. आणि कांहीं खालच्या श्रेणी साफ रद्द झाल्या. ज्यांची स्वतःची मजुरी आधींच वरच्या श्रेणीची होती असे हजारों जुने कामगार या मागणीसाठीं नव्यांबरोबर संपाच्या तुटपुंज्या भत्त्यावर राहिले. सोळा वर्षांपूर्वीं ज्यांच्या गैरहजेरींत सौदा झाला होता ते या वेळीं हजर होते, आणि मतदारहि होते. पण तेवढ्यानें त्या जुन्यांच्या वर्तनाचें मोल कमी होत नाहीं. सगळें ऋण फिटलें असें मात्र नाहीं. २००७ नंतर आलेल्यांना जुनें पेन्शन त्या करारानेंहि मिळालें नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें आज त्या देशांत शिकत आहेत किंवा काम करीत आहेत. त्यासाठीं घरदार गहाण टाकून कर्ज काढणारीं कुटुंबेंहि थोडीं नाहींत. त्यांनीं मुलाच्या पगाराचा आंकडा रुपयांत मांडून समाधान मानूं नये एवढेंच सुचवावेंसें वाटतें. त्या पगारांतून तो तेथें संसार मांडूं शकतो कीं नाहीं, आणि त्याच्या शेजारीं काम करणाऱ्या, कर्जाखालीं दबलेल्या तिथल्या तरुणाचें काय चाललें आहे, हेंहि त्याला विचारावें. मुलानें बापाहून अधिक मिळवावें हा कांहीं निसर्गाचा नियम नाहीं. वाढ कायमची चालेल अशी हमी कोणतीहि पिढी देऊं शकत नाहीं. म्हणून पुढच्या पिढीला अधिक श्रीमंत करण्याचें वचन कोणी देऊं नये. पण तोटा आला तर तो तिच्यावर एकटीवर टाकणार नाहीं, आणि जी शिडी चढून आम्ही वर आलों ती ओढून घेणार नाहीं, एवढें वचन देतां येतें. पुत्राकडून पराजय इच्छिणाऱ्यानें निदान इतकें पाहावें कीं पुत्राला खेळांत उतरतां यावें.